कोड्याचे घर आणि अक्षराची मोजणी

आंतरजालावरील मराठी शब्दकोड्यांची मांडणी बिघडली की दोष सामान्यतः देवनागरीच्या माथी मारला जातो. वेलांट्या वर, उकार खाली, जोडाक्षरे रुंद. अशी लिपी चौकटीत बसावी कशी, असा हा आक्षेप होय. तो तपासून पाहिला असता टिकत नाही.

जॉश वॉर्डल यांचे 'वर्डल' 2021 साली लोकांपुढे आले. त्यात प्रत्येक शब्द पाच वर्णांचा, म्हणून स्तंभ पाच. त्या धर्तीच्या मराठी कोड्यात घरांची संख्या शब्दागणिक बदलू द्यावयाची, तर शैलीपत्रकात ठोक आकडे लिहून भागत नाही. येथे सीएसएसमधील चलांचा उपयोग होतो. मूळ घटकावर स्तंभसंख्या एकदा नोंदवावी. ती वारशाने प्रत्येक घराला मिळते व खेळ चालू असतानाही बदलता येते. पडद्याच्या रुंदीला तिने भागून घराची बाजू काढावी, आणि अक्षराचा आकार बाजूच्या निम्म्याइतका ठेवावा. म्हणजे 'मूर्ती'तील रफार-वेलांटीस वर व उकारास खाली जागा उरते. स्तंभाची किमान रुंदी मात्र शून्य आहे, असे स्पष्ट सांगावे लागते. एरवी 'ष्ट्री'सारखे अक्षर आपला स्तंभ शेजाऱ्यांहून फुगविते. लिपीवरील आरोप पुष्कळदा या विसरलेल्या शून्याचा असतो!

खरी चूक निराळीच आहे. चलात जी संख्या भरली जाते, ती येते कोठून? 'महाराष्ट्र' या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट 10 सांगते, कारण काना व हलन्तचिन्ह यांनाही ती स्वतंत्र मोजते. मराठी वाचक चारच घरे मांडील: म, हा, रा, ष्ट्र. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. तत्पूर्वीच्या नियमांनी 'स्त्री'चे स्, त्, री असे तीन तुकडे पडत. उच्चारातील अवयव मोजावे म्हटले, तरी निर्वाह होत नाही. 'राष्ट्र' उच्चारताना ष् हा पहिल्या अवयवाकडे जातो, लिहिताना मात्र ट्र-ला चिकटतो. आणि कोडे सोडविणारा लेखनाचाच मान राखतो. चुकीच्या मोजणीवर उभी असलेली मांडणी कितीही रेखीव असो, ती 'महाराष्ट्र'साठी दहा घरे आखून मोकळी होते, आणि एकटा हलन्त बरोबर आला म्हणून एखादे घर हिरवे करते.

तूर्त कोडे रचणाऱ्यानेच प्रत्येक शब्द अक्षरांच्या यादीच्या रूपाने लिहून द्यावा व स्तंभसंख्या त्या यादीवरून काढावी, हे मला अधिक विश्वासार्ह वाटते.