एक शून्य शून्य

पोलिसांच्या १०० या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेली मुंबई दूरदर्शनची मराठी गुन्हेशोध मालिका. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ती प्रक्षेपित झाली. दिग्दर्शक बी. पी. सिंग मूळचे छायालेखक. प्रत्यक्ष पोलीस तपासांवर आधारलेल्या कथांमुळे तीत रहस्यापेक्षा तपासाच्या रीतीस महत्त्व आले. हेच तिचे खरे वैशिष्ट्य होय. शहापूर-मुरबाडच्या ज्या खेड्यांत दूरध्वनी क्वचितच होता, तेथील प्रेक्षकास हा क्रमांक प्रथम पडद्यावरूनच परिचित झाला असावा. सिंग व अभिनेते शिवाजी साटम यांनी १९९८ पासून हिंदी ‘सीआयडी’त हीच परंपरा पुढे चालविली. तिचा २००४ मधील १११ मिनिटांचा अखंड चित्रित भाग हा तंत्रकौशल्याचा कळस; मात्र तपासाची जागा तेथे अधिकाऱ्याच्या छबीने व ठराविक संवादांनी घेतली. ते संवाद सर्वतोमुखी झाले, मराठी मालिकेचे नाव मागे पडले.