तालीम आणि कार्यक्रम

वार्षिक स्नेहसंमेलनाला जाताना आपण पालक मंडळी चिकित्सक दृष्टी घरी ठेवून जातो. आपले मूल रंगमंचावर कोठे उभे आहे, एवढेच डोळे शोधत असतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु हायस्कूलच्या मुलामुलींना संगीत, नाट्य व नृत्य नेमके कशासाठी शिकवावयाचे, हा प्रश्न मनात आणला की त्याच सोहळ्याकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. ध्वनिमुद्रित गाणे लावायचे, त्यावर चाळीस मुलांनी ठरलेली पावले टाकायची, निवेदकाने पाठ केलेले निवेदन म्हणायचे आणि टाळ्या घ्यायच्या, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. यात मुलाचा आवाज कोठेच ऐकू येत नाही. गाणारा दुसराच असतो, शब्द दुसऱ्याचे असतात, चाल तर मुंबईच्या एखाद्या ध्वनिमुद्रणगृहातून आलेली असते. तो कार्यक्रम होतो. शिक्षण होते की नाही, याविषयी शंका घ्यावयास जागा आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसरात कलेचा दुष्काळ असता, तर ही गोष्ट समजण्यासारखी होती. पण येथे १९७८ मध्ये उभे राहिलेले गडकरी रंगायतन आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. पंडित राम मराठे यांच्यासारख्या गायक-नटाचे वास्तव्य ठाण्यात होते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजाने पिढ्यान्‌पिढ्या श्रोते घडविले. एवढे वैभव दाराशी असताना तेरा ते सोळा वर्षांचे मूल मात्र मधल्यामध्ये अडकते. बालनाट्यासाठी ते मोठे झालेले असते आणि महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांसाठी लहान असते. याच वयात आवाज फुटतो, शरीर अनोळखी वाटू लागते आणि मनातले बोलायला शब्द सापडत नाहीत. कलेची गरज ज्या वयात सर्वांत अधिक, त्याच वयात दहावीच्या नावाखाली ती आपण बाजूला सारतो.

या मधल्या वयाचा विचार करताना रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कार्यातील दोन टप्पे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'द्वारे मराठी बालरंगभूमीला प्रतिष्ठा दिली. मतकरींनी १९६२ मध्ये स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. 'निम्माशिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' यांसारखी त्यांची नाटके अनेक पिढ्यांनी पाहिली. 'अलबत्या गलबत्या' तर २०१८ मध्ये पुन्हा नव्याने रंगभूमीवर आले आणि आजच्या मुलांनाही तितकेच भावले. मुलांना उपदेशाचे डोस न पाजता त्यांच्या कल्पनाशक्तीवर विश्वास टाकणे, हे या नाटकांचे बळ. त्यातील चेटकीण दुष्ट असूनही प्रेक्षकांची सर्वांत लाडकी होते, यातच लेखकाची जाण दिसते. पण हे मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेले नाटक होते.

दुसरा टप्पा ठाण्यातला. २०१४ च्या सुमारास समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना प्रत्यक्षात आणली. तिच्या वार्षिक आविष्काराला 'नाट्यजल्लोष' असे नाव मिळाले. शहरातील वस्त्यांतल्या मुलामुलींनी आपला विषय आपणच निवडावा, आपल्या बोलीत नाटिका रचावी आणि आपणच ती सादर करावी. अनुभवी रंगकर्मींनी वाट दाखवावी, पण बोट धरून ओढू नये, असे तिचे सूत्र. मतकरींच्या निधनानंतरही हा उपक्रम चालू राहिला. 'मुलांसाठी नाटक' येथून निघालेला लेखक पन्नास वर्षांनी 'मुलांचे नाटक' येथे पोहोचला, हा मराठी रंगभूमीच्या इतिहासातील मोलाचा प्रवास आहे.

या उपक्रमाचे मर्म काय? येथे तालमीला प्रयोगाहून अधिक किंमत आहे. आपल्या घरातल्या दारूविषयी, पाण्याच्या रांगेविषयी किंवा बहिणीच्या थांबलेल्या शिक्षणाविषयी नाटिका रचताना मुलाला प्रथम त्या प्रसंगाकडे दुरून पाहावे लागते. बापाची भूमिका करायची, तर बापाच्या बाजूनेही विचार करावा लागतो. संवाद लिहिताना कोणते वाक्य खरे आणि कोणते खोटे, याची पारख करावी लागते. हे सारे तालमीत घडते, प्रेक्षकांसमोर नव्हे. पडदा पडल्यानंतर मुलाजवळ उरते ती हीच कमाई.

तरीही गुणगौरवावर थांबणे हे समीक्षेचे काम नाही. स्वतःच्या प्रश्नांवर नाटिका लिहिण्याच्या या पद्धतीत एक धोका जन्मजात आहे. समस्या मांडायची, कोणी तरी भाषण करायचे आणि शेवटी सर्वांनी शहाणे व्हायचे, अशा साच्यात कोवळा लेखक चटकन अडकतो. प्रश्न सच्चा असतो, नाटक मात्र फळ्यावरच्या सुविचारासारखे होते. त्यावरचा उतारा मतकरींच्याच 'लोककथा ७८' मध्ये आहे. अन्यायाची कथा तेथे केवळ घोषणांतून येत नाही, ती गावकऱ्यांच्या तोंडून, लोकनाट्याच्या मोकळ्या रीतीने उलगडते. विषय कितीही ज्वलंत असो, रूप शिकल्यावाचून तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही, आणि रूप शिकायला शिस्त लागते.

ही शिस्त संगीताकडे आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा गुरूच्या घरात बंदिस्त असलेली विद्या त्यांनी सामान्य घरांतील मुलांसाठी खुली केली. स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, वर्गवार अभ्यासक्रम ही त्यांची देणगी. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९३१ मध्ये, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी महाराष्ट्रभर उभी राहिली. आज शास्त्रीय गायन, वादन व नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीला अतिरिक्त गुणही मिळतात. या सवलतीने क्लासमधली गर्दी वाढली, यात नवल नाही. पण गुणांसाठी पाठ केलेला राग दहावीच्या निकालाबरोबर विसरला जातो, हेही आपण घरोघरी पाहतो. शिडी वर चढण्यासाठी होती. आपण तिच्या पायऱ्या मोजत बसलो.

म्हणजे एकीकडे स्वतःचे म्हणणे आहे पण घडण कमी, तर दुसरीकडे घडण आहे पण स्वतःचे म्हणणे नाही. दोहोंना जोडणारे एक उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना प्रथम सोल्फा शिकवीत, मग व्हायोलिन हाती देत. चर्चच्या गायकवृंदात रविवारी गावे लागे, म्हणून आठवडाभर सराव होई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस याच वातावरणात वाढले. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांनी वादक, संयोजक व गुरू म्हणून नाव मिळविले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्वीस यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारून भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. धर्मग्रामाच्या शाळेतील शिस्तीने त्यांना कारागीर केले, आणि त्या कारागिरीच्या बळावर त्यांनी स्वतःचे काही सांगितले.

ख्रिस्तसभेचा विचारही याहून वेगळा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान घोषित केले. कॅथलिक शाळांतून संगीताच्या शिक्षणाला मोठे महत्त्व द्यावे, असे त्यात सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या संगीताला शाळेत आणि उपासनेत, दोन्ही ठिकाणी, उत्तेजन मिळावे, अशी त्याची अपेक्षा आहे. 'शाळेत आणि उपासनेत' ही जोडी लक्षात घेण्याजोगी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले, कारण ओवी गाता येते आणि गायिलेले शब्द मनात मुरतात. आपली मुले आज पियानोच्या परीक्षा देतात, इंग्रजी गीते सुरेल गातात, त्याचा आनंदच आहे. परंतु ओवीची चाल म्हणता न येणारे मराठी ख्रिस्ती मूल आपल्या वारशाच्या अर्ध्या घराला कुलूप घालून बसले आहे.

आपल्या परिसराची अडचणही मान्य केली पाहिजे. ठाण्यात जुनी मराठी ख्रिस्ती घरे आहेत. कल्याण-डोंबिवलीत नोकरीच्या निमित्ताने गोवा, मंगळूर, केरळ येथून आलेली कुटुंबे वसली; १९८८ मध्ये कल्याणला सिरो-मलबार धर्मप्रांतही स्थापन झाला. एकाच बाकावर चार मातृभाषा बसतात. मग शिकवायचे कोणत्या भाषेत? याचेही उत्तर 'वंचितांचा रंगमंच' देतो: ज्या भाषेत मूल भांडते, हसते आणि रुसते, त्या भाषेत. चार भाषांची नाटिका चार भाषांत होऊ द्यावी. रस्त्यावरची मराठी त्यांना एकत्र आणीलच.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ मध्ये दहावीपर्यंत कलाशिक्षणाला विषयाचे स्थान द्यावे असे सुचविले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला आणि इतर विषय यांतील भिंत काढून टाकण्याची भाषा केली. कागदावर उणे काही नाही. वेळापत्रकातील संगीताचा तास गणिताच्या जादा तासासाठी पहिला बळी जातो, ही वस्तुस्थिती तेवढी बदलावयाची आहे; आणि ती पालकांच्या मागणीवाचून बदलणार नाही. शिक्षक-पालक सभेत आपण गणिताच्या गुणांविषयी विचारतो, तसे संगीताचा तास झाला का, हेही विचारले पाहिजे.

धर्मग्रामाच्या हाती मात्र आजच बरेच आहे. नाताळचे नाटक यंदा बाजारातून किंवा जुन्या वहीतून आणू नये. नववीच्या मुलांना शुभवर्तमानातील प्रसंग द्यावा आणि सरायवाल्याने दार का लावले, हे त्यांनाच शोधू द्यावे. गाणी लावू नयेत, मुलांनी ती गावीत. थोडी बेसूर झाली तरी चालतील. ऑक्टोबरपासून दर शनिवारी एक तास तालीम ठेवावी आणि त्या तासाला पालकांनी मोबाईल घेऊन येऊ नये. डिसेंबरातला प्रयोग कदाचित पूर्वीइतका झगझगीत होणार नाही. पण मार्चमध्ये त्या मुलांपैकी एखादे आपले म्हणणे चार लोकांसमोर स्पष्ट आवाजात मांडील, तेव्हा त्या शनिवारांचा हिशेब लागेल.