कृती झाली, पण रचना कुणी केली?

विज्ञान प्रदर्शनात एखाद्या प्रकल्पासमोर उभं राहून मुलांना एक साधा प्रश्न विचारून पाहा. ‘हे काय आहे?’ असा नको, त्याचं उत्तर पाठ असतं. ‘ही पट्टी एवढीच लांब का घेतली?’ असं विचारा. मुलं एकमेकांकडे पाहतात. मग कुणी म्हणतं, ‘सरांनी सांगितलं’, कुणी म्हणतं, ‘पुस्तकात तसंच होतं’. एखादा प्रामाणिक मुलगा सांगतो, ‘विकत आणली तेव्हा एवढीच होती.’ मागे पुण्यातल्या एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना मला ही तिन्ही उत्तरं एका तासात मिळाली. वस्तू नीटनेटक्या होत्या, रंगरंगोटी छान होती, एकही वस्तू फसलेली नव्हती. नेमकं हेच मला खटकलं.

पुढे वस्तुरचनेचं, म्हणजे प्रॉडक्ट डिझाइनचं, शिक्षण घ्यावं असं वाटणारी मुलं आज शाळाशाळांत दिसतात. या शिक्षणाचा गाभा ‘एवढीच का?’ आणि ‘कुणासाठी?’ या दोन प्रश्नांत आहे. कुणाची तरी एखादी अडचण हेरायची, ती सोडवण्याचे दोन-चार मार्ग सुचवायचे, पैसा-वेळ-साहित्य यांच्या मर्यादेत त्यातला एक निवडायचा, वस्तू करायची, वापरून पाहायची आणि चुकलं ते दुरुस्त करायचं. या साखळीतली ‘वस्तू करायची’ एवढी एकच कडी आपल्या शाळांमध्ये उचलली जाते. बाकीच्या कड्यांचं काय होतं, हे आपल्याजवळच्या दोन चांगल्या उपक्रमांच्या आधारे तपासून पाहू.

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

पहिला उपक्रम अरविंद गुप्ता यांचा. आय.आय.टी. कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत होते. १९७८ साली ते वर्षभराच्या रजेवर मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. पुढे त्यांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञान खेळणी करण्याचं काम हाती घेतलं आणि २००३ नंतर दहा-अकरा वर्षं पुण्यातच ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते केलं.

त्यांची सर्वांना माहीत असलेली कृती म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ट्यूबचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, काडीवरचं गूल खरवडून टाकायचं आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांनी एकेक काडी आत सरकवायची. झाला सांधा! तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो, पण त्यात कर्ण घातला की ताठ होतो. छपराच्या कैचीत आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे यानंतर मुलाला फळ्यावर सांगावं लागत नाही. जवळपास फुकट साहित्यातून एवढं मोठं तत्त्व हाताला कळतं, हे या कृतीचं यश निर्विवाद आहे.

पण वस्तुरचनेच्या बाजूने पाहिलं, तर या कृतीतला सर्वांत हुशारीचा भाग मुलापर्यंत पोचतच नाही. सांध्यासाठी व्हॉल्व्ह ट्यूबच का? ती रबराची असल्याने वाकते, म्हणून कोन हवा तसा बदलता येतो. तिचं भोक काडीला घट्ट धरून ठेवतं, म्हणून डिंक लागत नाही आणि सांधा सोडवून पुन्हा जोडता येतो. ती गावोगावच्या सायकलच्या दुकानात मिळते. हे सगळे रचनेचे निर्णय आहेत आणि ते मूल कृती सुरू करण्याआधीच गुप्तांनी घेऊन टाकले आहेत. मुलाच्या वाट्याला येते ती पाककृती.

हा दोष गुप्तांवर ढकलणं बरोबर नाही. मुलांनी खेळणी मोडावीत, बदलावीत, हे ते सतत सांगत आले आहेत. अडचण होते ती आपण ती कृती वर्गात नेतो तेव्हा. चाळीस मुलांकडून चाळीस सारखे त्रिकोण करून घेतो आणि तास संपवतो. त्याऐवजी काड्या द्याव्यात आणि ट्यूब दडवून ठेवावी! ‘या काड्या अशा जोडा की सांधा हलला पाहिजे, पण निसटता कामा नये,’ एवढंच सांगावं. मुलं माती, दोरा, पेनातल्या रिफिलची नळी असं काय काय आणतील. त्यातलं बरंचसं फसेल. मग शेवटी ट्यूब दाखवली की तिची किंमत मुलांना कळेल.

पाबळचं गिऱ्हाईक

दुसरा उपक्रम पुण्यापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग असून आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं. आश्रमात लोखंडी त्रिकोण जोडून उभारलेले घुमट पाहिले की काड्यांचा तो त्रिकोण खरोखरीचं छप्पर पेलताना दिसतो.

गुप्तांच्या कृतीत नसलेली एक गोष्ट पाबळने आणली, ती म्हणजे गिऱ्हाईक. गावाला उपयोगी पडेल असं काम मुलांनी करून द्यायचं, त्याला किती माल लागेल आणि किती खर्च येईल याचा हिशोब मांडायचा. गिऱ्हाईक आलं की ‘एवढीच का?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. बाक ज्याला हवा आहे त्याच्या गुडघ्याची उंची मोजावीच लागते.

इथेही एक धोका आहे. अभ्यासक्रमाची मांडणी कौशल्यांच्या यादीने होते : मोजमाप, कापणी, जोडकाम, वायरिंग. एखादी शाळा हा विषय घेते तेव्हा यादी सहज उचलता येते, गिऱ्हाईक उचलता येत नाही. मग कौशल्य शिकवलं जातं, पण काय करायचं आणि कसं, हे निदेशकानेच ठरवलेलं असतं. मुलगा उत्तम जोडकाम करतो, पण जोड तिथेच का, हे त्याला ठाऊक नसतं. ‘कार्यानुभव’ या विषयाचं अनेक ठिकाणी हेच झालं.

चित्र आधी, वस्तू नंतर

या दोन्हींतली उणीव भरून काढण्याचा प्रयत्न मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झाला. इंग्लंडने १९९० साली ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात घेतला होता. त्या धर्तीवर, पण आपल्या मुलांसाठी, डॉ. चित्रा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात काही प्रकल्प रचले. त्यांत पुस्तकं नेण्याची पिशवी होती, वजन उचलणारं पवनचक्कीचं प्रारूप होतं, बाहुल्यांचा खेळही होता. मराठी माध्यमाच्या मुलांनीही ते केले. गटाने आधी चर्चा करायची, कागदावर चित्र काढायचं, साहित्य आणि मापं लिहायची आणि मगच कात्रीला हात लावायचा.

पवनचक्कीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कारण तिथे निकाल शिक्षक देत नाहीत, वजन देतं. ते उचललं गेलं किंवा नाही. नाही गेलं, तर पाती लहान आहेत, त्यांचा कल चुकला की आस घासतो, हे शोधावंच लागतं. या पद्धतीवर आक्षेप एकच आहे आणि तो खरा आहे : तिला वेळ फार लागतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ती मावत नाही.

दुसऱ्या प्रयत्नाचे गुण

म्हणून माझं सुचवणं एवढंच आहे, की वर्षातून पाच प्रकल्प घेण्याऐवजी एकच घ्यावा, पण तो दोनदा करवून घ्यावा. पावसाळ्यात वर्गाबाहेर ओल्या छत्र्यांचा ढीग पडतो, पाणी पसरतं, मुलं घसरतात. ‘दहा छत्र्या उभ्या राहतील, पाणी एका जागी जमेल आणि खर्च पन्नास रुपयांच्या आत बसेल, अशी वस्तू करा.’ पुण्याच्या शिक्षकांना यासाठी जाणकार शोधत लांब जायला नको. बुरूड आळीत बांबूच्या कांबी कशा वाकवतात ते पाहता येईल. कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर हातोडीने माठारकाम करतात ते दाखवावं. त्या ठोक्यांनी तांबं कडक होतं, म्हणजे ती नक्षी आधी कामाची आहे आणि मग शोभेची, हे मुलांनी तिथेच विचारून घ्यावं.

गुण द्यायचे झाले तर वीसपैकी चार गरज नीट समजून घेण्याला, चार पहिल्या चित्राला आणि हिशोबाला, चार चाचणीच्या प्रामाणिक नोंदीला, सहा दुसऱ्या प्रयत्नातल्या सुधारणेला आणि सफाईला फक्त दोन. एवढं केलं की विकत आणलेला प्रकल्प आपोआप नापास होतो, कारण त्याला पहिला प्रयत्नच नसतो. ज्याच्या घरी पैसे कमी आहेत आणि ज्याच्या वस्तूवर रंगाचा झकास हात फिरलेला नाही, त्या मुलालाही मग न्याय मिळतो.

पुढच्या प्रदर्शनात एक टेबल फसलेल्या वस्तूंसाठी राखून ठेवता येईल का? प्रत्येक वस्तूशेजारी मुलाच्या हातची एक चिठ्ठी असावी : कुठे चुकलं आणि मग काय बदललं. परीक्षकांनी आधी त्या टेबलाशी थांबावं.