‘दोन ते सात दिवस’ : एका नियमाची उलटतपासणी

वीर्य तपासून घ्यायला जाणाऱ्या पुरुषाला प्रयोगशाळेतून एक सूचना हमखास मिळते. नमुना देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे. हा नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य-तपासणीच्या हस्तपुस्तिकेतला आहे आणि २०२१ साली निघालेल्या तिच्या सहाव्या आवृत्तीतही तो कायम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या लावल्या जाणाऱ्या अर्थाबद्दल. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडता पडता ‘दोन दिवस थांबा’ याचे ‘वीर्य जितके राखाल तितके कसदार’ असे रूपांतर होते. मूल होत नाही म्हणून काळजीत पडलेली जोडपी मग ‘नेमक्या दिवसा’साठी आठवडेच्या आठवडे संबंध टाळतात, आणि आपणच आपली शक्यता कमी करून घेतात.

आधी नियम कशासाठी आहे ते पाहू. रक्तातील साखर उपाशीपोटी तपासतात, ती एका माणसाच्या आकड्याची दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करता यावी म्हणून. त्यावरून ‘उपाशी राहणे प्रकृतीला चांगले’ असा निष्कर्ष कोणी काढत नाही. वीर्याच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते. दोन ते सात दिवस ही मोजमापाची अट आहे, पथ्य नव्हे.

ही अट लागतेच का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. वृषणातील सूक्ष्म नलिकांत शुक्राणू अखंड तयार होत असतात. निरोगी तरुणात हा वेग सेकंदाला हजाराच्या आसपास असतो. एका शुक्राणूची जडणघडण पुरी व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. त्यानंतर तो अधिवृषणात जातो. ही सुमारे सहा मीटर लांबीची, वेटोळी घालून बसलेली नळी आहे. तिथे तो पक्व होतो, पोहण्याची क्षमता मिळवतो आणि वाट पाहत राहतो. वृषणातील निर्मितीचा वेग स्खलनाच्या वारंवारतेनुसार बदलत नाही, बदलतो तो अधिवृषणातील साठा. काल स्खलन झाले असेल तर आजच्या नमुन्यात शुक्राणू कमी दिसतात, पाच दिवस झाले नसेल तर जास्त. रांजणात पाणी किती आहे हे पाहून नळाची धार ठरवायची असेल, तर रांजण केव्हा रिकामा केला होता हे ठाऊक हवे. एवढाच या नियमाचा मथितार्थ.

पण रांजणाची उपमा इथेच सोडावी लागते, कारण शुक्राणू म्हणजे पाणी नव्हे. शुक्राणू ही फारच काटकसरीने बांधलेली पेशी आहे: डोक्यात घट्ट गुंडाळलेला डीएनए, मध्ये ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका, मागे शेपूट. पेशीद्रव्य जवळजवळ नाहीच. त्यामुळे ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांपासून बचाव करणारी रसायने कमी, आणि तुटलेला डीएनए जोडण्याची यंत्रणाही जवळपास नाही. शिवाय तिच्या पटलात सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात. असा शुक्राणू जितका जास्त दिवस साठ्यात पडून राहील, तितकी त्याची झीज अधिक. म्हणजे थांबण्याने संख्या वाढते, पण वाढीव संख्येत शिळ्या मालाचा वाटाही वाढतो. संख्या आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालातील ‘दर मिलिलिटरला इतके कोटी’ हा ठळक आकडा पहिलीबद्दल बोलतो, दुसरीबद्दल फारसे नाही.

याला पुरावा काय? इस्रायलमधील बीरशेबा येथील संशोधकांनी २००५ साली ६,००८ पुरुषांच्या ९,४८९ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुक्राणू कमी असलेल्या पुरुषांनी एकच दिवस थांबून नमुना द्यावा, आणि संख्या ठीक असलेल्यांनीही दहा दिवसांपलीकडे थांबू नये, असे त्यांनी सुचवले. नमुन्यांची संख्या भारदस्त आहे, पण एक गोष्ट नजरेआड करू नये. इथे एकाच पुरुषाला वेगवेगळ्या दिवसांनी तपासलेले नाही. मुख्यतः वेगवेगळ्या पुरुषांची तुलना आहे. जो बारा दिवस थांबून आला तो कदाचित आजारी असेल, वयस्क असेल.

वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेला दुसरा अभ्यास सिडनीच्या डेव्हिड ग्रीनिंग यांचा. २००९ साली ॲमस्टरडॅमच्या परिषदेत त्यांनी तो मांडला. शुक्राणूंच्या डीएनएत जास्त तुटफूट आढळलेल्या ११८ पुरुषांना त्यांनी सात दिवस रोज स्खलन करण्यास सांगितले. तुटफुटीचे सरासरी प्रमाण ३४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. वर दिलेल्या शरीरशास्त्राशी हे जुळते, म्हणून पटकन पटते. पटकन पटणाऱ्या निष्कर्षांकडे मी जरा जास्त वेळ बघतो. एक, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. वाईट आकडा असलेलीच माणसे निवडून पुन्हा मोजली, की काहीही उपाय न करता सरासरी थोडी सुधारतेच. वर्गातल्या पहिल्या चाचणीत सर्वात कमी गुण मिळालेली दहा मुले दुसऱ्या चाचणीत सरासरीने वर आलेली दिसतात, तसेच. दोन, ११८ पैकी २२ जणांत तुटफूट वाढली. तीन, मोजले ते डीएनए, मूल नव्हे.

मूल राहण्याच्या शक्यतेबद्दल जास्त भरवशाचे काम अमेरिकेतील ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. गर्भधारणा हवी असलेल्या २२१ स्त्रियांची ६२५ पाळीचक्रे त्यांनी तपासली. गर्भधारणा झाली ती फक्त सहा दिवसांच्या खिडकीत: बीजोत्सर्गाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. याच माहितीवरून काढलेल्या अंदाजानुसार रोज संबंध आल्यास एका चक्रात गर्भधारणेची शक्यता सुमारे ३७ टक्के, दिवसाआड आल्यास ३३ टक्के आणि आठवड्यातून एकदा आल्यास १५ टक्के. आठवडाभर राखलेल्या वीर्यात शुक्राणू अधिक असूनही शक्यता निम्म्याहून कमी, कारण खिडकीतले बरेच दिवस वाया जातात. उलट रोज आणि दिवसाआड यांत फारसा फरक नाही. म्हणून ‘रोज हवेच’ असा नवा धाकही जोडप्यांवर घालण्याचे कारण नाही.

राखून ठेवण्याची ही कल्पना इतकी चिवट का? ‘चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब’ हे वाक्य आपल्याकडे व्यायामशाळेपासून वैदूच्या जाहिरातीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ते केवळ आपलेच आहे असे मात्र नाही. अठराव्या शतकातील स्विस डॉक्टर तिसो यांनीही एक औंस वीर्याची बरोबरी चाळीस औंस रक्ताशी केली होती. आकडा तोच, पुरावा दोन्हीकडे शून्य. धातू जातो या भीतीने खचलेल्या तरुणांच्या दुखण्याला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. रघुनाथ धोंडो कर्वे तर १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून या समजुतींशी भांडत होते.

शिक्षकांना या भीतीची गाठ नववी-दहावीतच पडते. झोपेत होणाऱ्या नैसर्गिक स्खलनाला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. दोष शब्दातच भरून ठेवला आहे. ‘निद्रास्खलन’ म्हटले तर काही बिघडत नाही. आणि फळ्यावर जननसंस्थेची आकृती काढताना वीर्य कशाचे बनते हेही सांगावे. त्यातला दोन-तृतीयांश किंवा थोडा अधिक भाग रेतोशयाचा स्राव असतो, बराचसा उरलेला पुरःस्थ ग्रंथीचा. वृषणाकडून येणारा वाटा शंभरात पाचाहूनही कमी. पाणी, फ्रुक्टोज, सायट्रिक आम्ल, थोडे जस्त, काही प्रथिने. एका वेळचे एकूण प्रमाण जेमतेम चमचाभर. पुरुष नसबंदीत शुक्राणू वाहून नेणारी नळी कापतात, तरी वीर्याचे प्रमाण पाहून शस्त्रक्रिया झाली आहे की नाही हे ओळखता येत नाही, ते याचमुळे.