कमला सोहोनींची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

१९३३ मध्ये कमला भागवत (पुढे सोहोनी) यांचा बंगळूरच्या संस्थेतला अर्ज सी. व्ही. रामन यांनी नाकारला, कारण त्या बाई होत्या. त्या हटल्या नाहीत, अटींवर प्रवेश मिळवला आणि १९३९ ला केंब्रिजची पीएचडी घेतली. ही गोष्ट आपण नेहमी जिद्दीची म्हणून सांगतो. पण त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. ती जागा घराला परकी नव्हती.

तळेगावची (श्यामजी पंत) मुलगी नेट-जेआरएफ पुस्तकं वाचून काढेल. मुलाखतीत ‘कुठल्या लॅबमध्ये काम केलंय?’ विचारलं, की काय सांगणार? तिला नुसती जिद्द शिकवू नका. गाईडला मेल कसा लिहायचा, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप काय असते, हेही सांगा.