दोन बोटांची खिडकी



तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस अॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर काय बोलणार, असं दोघा-तिघांनी मला आत येतानाच विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण आपण कादंबरीची समीक्षा करतो, नाटकाची करतो. मग ज्या वस्तूला रोज हात लावतो तिची का करू नये?

आधी वस्तू कोणती ते सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत डबल हंग नावाची खिडकी असते. एका चौकटीत दोन तावदानं, एक वर, एक खाली, आणि दोन्ही वर-खाली सरकतात. बिजागरी नाही. वरचं थोडं खाली ओढलं आणि खालचं थोडं वर केलं की खोलीतली गरम हवा वरून जाते आणि गार हवा खालून येते. पंखा न लावता वारा खेळतो. फार हुशार कल्पना आहे ही.

आपल्या फ्लॅटमधली स्लायडिंग खिडकी आडवी सरकते. तिचं वजन खालच्या पट्टीवर, चाकांवर बसलेलं असतं. इथे मात्र तावदान अधांतरी आहे, ते कोणीतरी धरून ठेवायला हवं. जुन्या आगगाडीच्या डब्यातली वर सरकवायची झडप आठवा. खटका नीट बसला नाही की धाडकन खाली, आणि खाली बोटं असली तर विचारू नका. फ्रेंच लोक या प्रकारच्या खिडकीला गिलोटिन खिडकी म्हणतात ते उगाच नाही. तर ही गिलोटिन होऊ नये म्हणून जी यंत्रणा असते तिला सॅश बॅलन्स म्हणतात. सॅश म्हणजे सरकणारं तावदान, आणि बॅलन्स म्हणजे त्याचा तोल.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. खिडक्या नव्या होत्या, अॅल्युमिनियमच्या, अगदी सडपातळ. चौकट जवळजवळ दिसतच नाही, नुसती काच आणि बाहेरची झाडं. देखणी वस्तू, यात शंका नाही. एके सकाळी खालचं तावदान वर करायला गेलो तर हलेना. दोन्ही हात लावले, तरी नाही. मुलगी आली, झटका देऊन तिने ते उचललं आणि म्हणाली, "बाबा, राहू द्या, तुम्ही नका करत जाऊ." ती प्रेमाने बोलली. मीही मान्य केलं. सत्तरी ओलांडली, खांदा दुखतो, आता खिडकीसुद्धा आपल्याच्याने उघडत नाही. महिनाभर मी त्या खिडकीला हात लावला नाही.

मग दुरुस्तीवाला आला. त्याने तावदान काढलं आणि दाखवलं की उजव्या बाजूचा बॅलन्स सुटला होता. एकच बाजू वजन धरत होती, त्यामुळे तावदान तिरकं होऊन चौकटीत अडकत होतं. दुसरा बॅलन्स बसवल्यावर मी ते दोन बोटांनी वर केलं. दोष माझ्या खांद्याचा नव्हता, स्प्रिंगचा होता.

हायडेगरने १९२७ साली 'अस्तित्व आणि काल' या ग्रंथात हातोडीचं उदाहरण घेतलं आहे. हातोडी नीट चालते तोवर तिच्याकडे आपलं लक्षच नसतं, लक्ष कामाकडे असतं. ती मोडली की मग वस्तू म्हणून डोळ्यांत भरते. मी हे वर्गात अनेक वर्षं शिकवलं. त्या महिन्यात लक्षात आलं की हे अर्धंच सांगून झालं आहे. कारण माझी खिडकी मोडली तेव्हा ती मोडलेली दिसली नाही. तिने मलाच मोडका ठरवलं. यंत्रणा जितकी लपलेली, तितका माणूस स्वतःला दोष देतो. माझी टीका आहे ती इथे.

थोडा इतिहास पाहू. वजनावर तोललेली ही खिडकी इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळ लाकडी पेट्या, आत शिशाची किंवा बिडाची वजनं, कप्पीवरून दोरी. तावदान वर गेलं की वजन खाली. लिफ्टच्या मागे लोखंडी वजन उतरतं ना, तसंच. पण या पेट्या रुंद असतात आणि लाकूड पेट घेतं. लंडनमध्ये १७०९च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४च्या कायद्याने तर ती पेटीच विटांच्या आड गेली. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आता फक्त लाकडाची बारीक रेघ दिसू लागली. ज्या नाजूक खिडक्यांचं आज कौतुक होतं, त्यांच्या नाजूकपणामागे आगीची भीती होती. आणि लक्षात घ्या, जाडी कुठे गेली नाही. ती भिंतीत सरकली. पेटीला आतल्या बाजूने एक छोटं फळकूट ठेवलेलं असे. दोरी तुटली की ते काढायचं, आत हात घालून वजन बाहेर घ्यायचं, नवी दोरी ओवायची. जाडी लपवली, पण तिच्यापर्यंत जायची वाट ठेवली.

आता अॅल्युमिनियमकडे येऊ. ते कुजत नाही, पावसात फुगत नाही आणि लाकडापेक्षा कितीतरी ताठ असतं, म्हणून बारीक करता येतं. पण कोणत्या दिशेने बारीक? हातात एक पट्टी घ्या. आडवी धरून दाबली तर वाकते, उभी धरली तर वाकत नाही. भरीव पट्टीची खोली निम्मी केली की तिचा ताठरपणा आठवा हिस्सा उरतो. म्हणून चांगला आराखडा समोरून अरुंद आणि आत खोल असतो. वाऱ्याचा दाब त्या खोलीवर तोलला जातो. दोन तावदानं मधोमध एकमेकांत अडकतात तिथे हे फार महत्त्वाचं. ती आडवी पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येते, म्हणून तिलाच सगळ्यात बारीक करायचा मोह होतो.

दुसरी अडचण थंडीची. अॅल्युमिनियम लाकडाच्या हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेतं. बर्फाच्या दिवसांत आतल्या चौकटीवर पाणी सुटतं. म्हणून बाहेरचं आणि आतलं अॅल्युमिनियम वेगळं ठेवून मध्ये पॉलिअमाइडची पट्टी घालतात. तिलाही जागा लागते.

आणि तिसरी, वजनाची. एक चौरस मीटर काच एक मिलिमीटर जाड असेल तर तिचं वजन अडीच किलो. नव्वद सेंटिमीटर बाय ऐंशीचं तावदान घ्या. पूर्वीची तीन मिलिमीटरची एकेरी काच साडेपाच किलोंच्या आत होती. आता चार-चार मिलिमीटरच्या दोन काचा, म्हणजे साडेचौदा किलोंच्या आसपास, चौकट वेगळी. वजन अडीच पटींच्या वर गेलं आणि ते तोलायची जागा मात्र आक्रसली. पेटी नाही, वजनं नाहीत. उरली स्प्रिंग.

स्प्रिंगचा स्वभाव हूकने १६७८ साली छापून सांगितला: जितकी ताणाल तितकी ती जास्त ओढेल. हा हूक आगीनंतरच्या लंडनच्या पुनर्बांधणीत मोजणीचं काम करणारा माणूस. गंमत अशी की तावदानाचं वजन तर वर-खाली कुठेही तेवढंच राहतं. मग बदलत्या ओढीने न बदलणारं वजन कसं तोलायचं? एक उपाय म्हणजे पिळाची सळई, तिचा पीळ टोकाकडे असा बदलत नेतात की स्प्रिंगची वाढलेली ओढ भरून निघते. दुसरा म्हणजे गुंडाळलेली पोलादी पट्टी. ती उलगडताना दर क्षणी सारखीच लांबी सरळ होत असते, म्हणून ओढ जवळजवळ सारखी राहते. दोन्ही युक्त्या अप्रतिम आहेत. पण तावदान जड झालं की पट्टी रुंद हवी किंवा जास्त गुंडाळ्या हव्यात, म्हणजे पुन्हा जागा हवी. आणि स्प्रिंग कधीतरी थकते, हे आराखडा काढणाऱ्याने गृहीत धरायलाच हवं.

मुलीकडच्या खिडकीत ते गृहीत धरलेलं नव्हतं. बॅलन्सवरची पट्टी अशी घट्ट बसवलेली होती की काढतानाच वाकली. तो भाग मिळेना, तीन आठवडे थांबलो. फोटोत एक रेघ कमी दिसावी म्हणून ते फळकूट गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

उलट उदाहरण न्यूयॉर्कचंच आहे. एम्पायर स्टेट इमारतीत साडेसहा हजारांच्या आसपास डबल हंग खिडक्या आहेत. २०१०च्या सुमारास त्यांचं नूतनीकरण झालं तेव्हा जुन्या काचा फेकल्या नाहीत. इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच कारखाना मांडला, काचा सुट्या केल्या, मध्ये पातळ पडदा आणि वायू घालून त्याच परत बसवल्या. मूळ वस्तू सुटी करता येत होती म्हणूनच हे जमलं.

माझं म्हणणं जुन्या लाकडी खिडक्यांकडे परत चला, असं नाही. त्या खडखडायच्या, त्यांच्या पेट्यांतून गार वारा यायचा. सडपातळ खिडकीलाही माझा विरोध नाही. बाहेरचं झाड पूर्ण दिसणं ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः घरात बसून राहणाऱ्या माणसासाठी. पण अशी खिडकी पाहायला गेलात तर फोटोवर निकाल देऊ नका. तावदान अर्ध्यावर नेऊन हात सोडा, ते जिथल्या तिथे राहतं का पहा. दोन बोटांनी उचला. मग विक्रेत्याला विचारा, बॅलन्स बदलायचा झाला तर कुठून उघडायचं? त्याने हसून विषय बदलला, तर खिडकी कितीही देखणी असो, समीक्षा तिथेच संपली.

तोललेल्या वस्तूचं मला एक आवडतं. ती समोरच्याची ताकद मोजत नाही. पोर असो, म्हातारा असो, संधिवाताने बोटं वाकलेली आजी असो, खिडकी सगळ्यांसाठी सारखीच हलकी. घरात एवढी समता आणणाऱ्या वस्तू थोड्या असतात. दोन-चार मिलिमीटरांसाठी ती घालवू नये.

परवा मुलीने फोनवर सांगितलं की आता डावी बाजू जड लागते आहे. मी म्हटलं, तुझा हात ठीक आहे, स्प्रिंग बघून घे.

इथे थांबतो.