मैनाकिनीच्या राज्यात कारभार कोण पाहते?

राणीचे राज्य, तिथे पुरुषांना मज्जाव, आणि एके दिवशी सीमेच्या आत आलेला एक परका पुरुष. या मांडणीच्या अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्या सध्या तरुण वाचक आवडीने वाचतात आणि आपण त्यांना नवा साहित्यप्रकार म्हणतो. मराठीत ही मांडणी जुनी आहे. मालू नरहरींचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा ४० अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पूर्ण झाला. श्रावणात त्याची पारायणे होतात. त्यातला मच्छिंद्रनाथांच्या स्त्रीराज्याचा भाग भाविक ऐकतात तो गुरूच्या मोहाची आणि शिष्याच्या निष्ठेची गोष्ट म्हणून. मी तो प्रेमकथा म्हणून वाचतो. तसे वाचले की ग्रंथाचे एक मोठे बळ दिसते आणि एक मोठी उणीवही.

कथा माहीत असली तरी तिची रचना पाहण्यासारखी आहे. स्त्रीराज्यात मारुतीच्या भुभुःकाराने गर्भ राहतात; पुरुषगर्भ त्याच आवाजाने गळतात, मुली तेवढ्या जगतात. राणी मैनाकिनी (कथेच्या निरनिराळ्या रूपांत तिची किलोतळा, तिलोत्तमा अशीही नावे येतात) मारुतीची आराधना करते आणि त्यालाच पती म्हणून मागते. तो ब्रह्मचारी, तो आपल्या जागी मच्छिंद्रनाथांना पाठवतो. म्हणजे मच्छिंद्र तिथे वाट चुकून जात नाही आणि मैनाकिनी त्याला जाळ्यातही ओढत नाही. तिने जन्मात न पाहिलेला पुरुषसहवास देवाकडे मागितला आणि देवाने तो दिला. कीर्तनात ‘स्त्रीराज्याचा मोह’ असे एका दमात म्हटले जाते, तेव्हा हा वर हमखास गळतो. ग्रंथात मात्र तो आहे, आणि त्यामुळे मैनाकिनी मोहिनी न राहता नायिका होते. तिला इच्छा आहे, त्या इच्छेला कारण आहे, ती पुरी व्हावी म्हणून केलेले तप आहे. प्रेमकथेला याहून अधिक काही लागत नाही.

शेजारच्या परंपरांशी ताडून पाहिले की हे वेगळेपण ठसते. बंगालीतल्या ‘गोरक्षविजय’ काव्यात मीननाथ कदलीदेशी अडकतात. तिथे मंगला आणि कमला या राण्या आहेत आणि गोरख नर्तकीचा वेश घेऊन गुरूला जागे करतो. त्या कथेचा सारा झोक गुरूच्या झिजत चाललेल्या देहाकडे आहे. आपल्याकडे श्रीधरांनी (१६५८–१७२९) मराठीत आणलेल्या ‘जैमिनी अश्वमेधा’त प्रमिलेचे स्त्रीराज्य येते. अर्जुनाचा घोडा ती अडवते, त्याला लग्नाची अट घालते, आणि शेवटी लग्न ठरून हस्तिनापूरची वाट धरते. राणीची सून झाली की कथेचे समाधान होते. मैनाकिनीला हा सोपा शेवट मिळत नाही.

तिच्या वाट्याला येतो गोरख. कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात मृदंग्या म्हणून तो दरबारात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून आपण आल्याचे गुरूला कळवतो. इथून ग्रंथाची सहानुभूती दुभंगते. गोरखाची ओढ खरी आहे, पण त्याच्या वैराग्याला एक कठोर धार आहे. मळलेल्या मीननाथाला, म्हणजे गुरूच्या लहान मुलाला, धुऊन आणायला सांगितले तर तो त्याला धोब्याच्या कापडासारखा दगडावर आपटतो आणि मारतो. मच्छिंद्र बाप म्हणून रडतो. गोरख मंत्राने मूल पुन्हा उठवतो, धडा पुरा होतो आणि वाट पुढे चालू लागते. सांप्रदायिक वाचनात या प्रसंगाचा अर्थ ठरलेला आहे: माया तोडायची तर अशी. पण श्रोत्यांच्या अंगावर काटा येतो तो मायेच्या विचाराने येत नाही, दगडावरच्या मुलाने येतो. कवीने तो प्रसंग सौम्य केलेला नाही, याचे मला मोल वाटते. उपदेशाची किंमत कोण मोजते, हे त्याने लपवलेले नाही.

या प्रेमकथेचा शेवट आमच्या जिल्ह्यात होतो. श्रीगोंद्याच्या ईशान्येला, पाथर्डीच्या बाजूला गर्भगिरीचे डोंगर आहेत. स्त्रीराज्यातून आणलेली सोन्याची वीट मच्छिंद्रांच्या झोळीत असते. ती गोरख फेकून देतो आणि गुरू कष्टी झालेले पाहून सगळा डोंगर सोन्याचा करून दाखवतो. वृद्धेश्वर, मढीचा कानिफनाथ, बीड जिल्ह्याच्या हद्दीतली सावरगावची मच्छिंद्रनाथांची समाधी, नगरच्या उत्तरेचा गोरक्षनाथ गड: या मुलुखात नाथकथेतल्या पुरुषांना ठिकाणे आहेत, वाटा आहेत, यात्रा आहेत. मैनाकिनीला ग्रंथ विमानात बसवून सिंहलद्वीपाला पाठवतो. आमच्या डोंगरात तिची खूण म्हणावी अशी एकच गोष्ट, ती वीट. तीही फेकलेली.

आता उणिवेकडे येतो. या राज्यात राज्य कुठे आहे? दरबार आहे, नृत्य आहे, अंतःपुर आहे. पण सारा कोण गोळा करते, तंटा कोण तोडते, दुष्काळात कोठारे कोण उघडते, याकडे कथेची नजर वळत नाही. ‘अद्भुत कथेकडून ही अपेक्षा का?’ असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही, कारण मालू नरहरींच्या काळाला स्त्रीचा कारभार अद्भुत नव्हता. ग्रंथ पुरा झाला तेव्हा चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंना जाऊन अवघी २४ वर्षे झाली होती; १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून त्यांनी होळकरांची दौलत चालवली. त्याआधी १५९५ मध्ये चाँदबिबीने नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला होता. श्रीगोंदा शिंद्यांच्या जहागिरीचे गाव. त्याच शिंद्यांच्या घरात ग्रंथानंतर आठच वर्षांनी, १८२७ मध्ये, बायजाबाई ग्वाल्हेरचा कारभार पाहू लागल्या. खऱ्या बायका जमाखर्च तपासत होत्या, फौजा पाठवत होत्या, आणि कल्पनेतल्या स्त्रीराज्यात मात्र पुरुषाची वाट पाहण्यापलीकडे काम नव्हते. इथे कल्पना वास्तवाच्या पुढे धावली नाही, मागे राहिली.

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘माया मच्छिंद्र’ने (१९३२) ही उणीव वेगळ्या तऱ्हेने वाढवली. व्ही. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे मच्छिंद्र, मास्टर विनायक गोरख आणि दुर्गा खोटे राणी. पाळीव चित्ता जवळ बाळगणारी ती करारी राणी आजही छायाचित्रांतून डोळ्यांत भरते. पण चित्रपट शेवटी सारे राज्यच गुरूने रचलेली माया ठरवतो. ग्रंथात मैनाकिनी निदान शोक तरी करते. राज्यच खोटे ठरले की तिचे दुःखही खोटे ठरते आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो.

याच्या उलट बाजूला रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ ची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा आहे. तिथे बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, विद्यापीठे चालवतात आणि पुरुष पडद्यात असतात. कारभार भरपूर, पण प्रेम नाही. मैनाकिनीकडे प्रेम आहे आणि कारभार नाही. जणू स्त्रीला राज्य करायचे तर प्रेम विसरावे, आणि प्रेम करायचे तर राज्य.

या दोन टोकांमधली जागा मराठी लेखनात अजून मोकळी आहे. नव्या लेखिकांनी आणि लेखकांनी स्त्रीराज्याची कादंबरी जरूर लिहावी. त्यासाठी ड्रॅगन आणि बर्फाचे किल्ले उसने आणायची गरज नाही. मृदंग वाजतो, मच्छिंद्र उठतो, मुलाचा हात धरून निघतो. आजवरची प्रत्येक कथा त्याच्याबरोबर वेशीबाहेर पडली. पुढच्या कथेने वेशीच्या आत थांबावे. त्या रात्री मैनाकिनी रडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरेल, पाण्याच्या पाटावरून भांडणाऱ्या दोन गावांच्या बायका समोर उभ्या असतील, आणि तिला निवाडा द्यावा लागेल. तो ती कसा देते, हे मला वाचायचे आहे.